महायुद्धाच्या पाट्या मोडीत काढू नका, त्यांखाली नावे लिहा

प्रति,
ज्या ज्या गावांतून १९१४ च्या महायुद्धाला माणसे गेली, त्या सर्व गावांचे सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहायला एक यादी कारण झाली. आमच्या गावची जुनी शाळा पाडून तिथे नवी इमारत उभी राहणार आहे. वर्ग गळत होते, भिंतींना तडे गेले होते. त्याच शाळेत मी शिकले, पुढे काही वर्षे शिकवलेही, त्यामुळे नव्या शाळेचा आनंद मला इतरांपेक्षा जास्तच आहे. पण पाडकामातून निघणाऱ्या सामानाची निर्लेखन यादी फलकावर लागली आणि ती वाचताना मी जागीच थांबले. मंगलोरी कौले, सागवानी वासे, लोखंडी गज, पत्रे, दरवाजे, आणि शेवटाकडे ‘संगमरवरी लादी, १ नग’. या सगळ्याचा लिलाव होणार होता.

ती लादी म्हणजे शाळेच्या दर्शनी भिंतीतली महायुद्धाची पाटी. पांढरा संगमरवर, त्यात खोल कोरलेली इंग्रजी अक्षरे, अक्षरांतला काळा रंग बराचसा उडालेला. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. दोन आकडे. नाव एकाचेही नाही. लहानपणी रांगेत उभे असताना आम्ही मुली त्या आकड्यांच्या खाचेतून बोट फिरवत असू. त्यातला दुसरा आकडा वळवताना कारागिराची छिन्नी जरा घसरली होती, ती रेघ अजून बोटाला लागते.

पाटीचे काय करणार असे विचारल्यावर मला उत्तर मिळाले, ‘बाई, इंग्रजांची पाटी आहे ती. आता ठेवून काय करायची?’ आज ती पंचायतीच्या मागे खडीच्या ढिगाला टेकवून ठेवली आहे. काढताना पहार लागून एक कोपरा उडाला आहे.

गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एका गावाला किंवा एका सरपंचाला बोल लावण्यासाठी हे पत्र नाही. अशा पाट्या साताऱ्यात आहेत, रत्नागिरीत आहेत, घाटावर आणि कोकणात जिथून जिथून पलटणीत भरती झाली तिथे आहेत. कुठे चावडीत, कुठे शाळेत, कुठे देवळाच्या ओवरीत. अपशिंग्यासारखे गाव पहिल्या महायुद्धात गेलेल्या आपल्या ४६ जवानांची आठवण अभिमानाने जपते, अख्ख्या गावाची ओळखच ‘अपशिंगे मिलिटरी’ अशी आहे. पण मी पाहिलेल्या कित्येक पाट्यांवर ऑइलपेंटचे थर आहेत, एकीच्या मधोमध विजेच्या मीटरसाठी खिळे ठोकले आहेत. चावड्या आणि शाळा नव्याने बांधण्याचा हा काळ आहे. आज लक्ष दिले नाही तर पुढच्या काही वर्षांत यांतल्या बहुतेक पाट्या भरावात जातील, आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही.

माझा या पाटीशी संबंध काय, ते आधी सांगते.

माझे पणजोबा ११७ नंबरच्या मराठा पलटणीत शिपाई होते. ही पलटण पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या, पण तेव्हा तुर्कांच्या ताब्यातल्या इराकमध्ये गेली. १९१४ च्या नोव्हेंबरात या फौजेने फाओ आणि बसरा घेतले, एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई मारली आणि मग वरच्यांना बगदादचा मोह पडला. टायग्रिस नदीच्या काठाकाठाने जनरल टाउनशेंडने फौज पुढे नेली. मागे रसद नीट नाही, दवाखाना नाही, बोटी पुरेशा नाहीत. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळ टेसिफॉनला तुर्कांनी ती अडवली.

तिथल्या जखमींचे काय झाले, ते पुढे ब्रिटिश सरकारनेच नेमलेल्या मेसोपोटेमिया चौकशी आयोगाच्या १९१७ च्या अहवालात छापून आले आहे. स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून, खाचखळग्यांच्या जमिनीवरून जखमी माणसे नदीपर्यंत आणली. तिथून बोटींवर चढवली. ‘मेजिदिये’ नावाची अशी एक बोट बसऱ्याच्या धक्क्याकडे येताना मेजर कार्टर या डॉक्टराने पाहिली. बोटीच्या कडेला दोर लोंबताहेत असे त्याला लांबून वाटले. बोट जवळ आली तेव्हा कळले की ती वाळलेली विष्ठा आहे. डेकवर माणसे इतकी दाटीने टाकली होती की हलायला जागा नव्हती, जो तो पडल्या जागी घाण करत होता. कार्टरने तक्रार केली तेव्हा वरिष्ठांनी त्यालाच दम भरला. अहवाल बाहेर आल्यावर भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. एवढे सगळे झाले, पण त्या डेकवर पडलेल्यांत आपल्या तालुक्यातले कोण कोण होते, ते मात्र कुणी लिहून ठेवले नाही.

उरलेली फौज मागे फिरून कुत-अल-अमारा या गावात शिरली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तिथे कोंडली गेली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. जवळजवळ पाच महिने. शेवटी शेवटी बार्लीच्या पिठाची मूठभर भाकरी उरली. तोफा ओढणारे घोडे आणि खेचरे कापून खायचा हुकूम आला. आपल्या माणसांनी तो बरेच आठवडे मानला नाही. घोड्याचे मांस खाल्ले असे घरी कळले तर जातीतून काढतील, पोरींची लग्ने होणार नाहीत, ही धास्ती. हिरड्या सुजल्या, दात हलू लागले, माणसे पहाऱ्यावर उभ्या उभ्या कोसळू लागली, तेव्हा कुठे शेवटच्या दिवसांत बऱ्याच जणांनी ते तोंडात घातले. विमानातून पिठाची पोती टाकण्याचा प्रयत्न झाला, त्यांतली काही नदीत पडली. वेढा फोडायला खालून येणाऱ्या फौजेची सुमारे २३ हजार माणसे मेली आणि जखमी झाली. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार माणसे कैदेत गेली. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला. शिपायांना ऐन उन्हाळ्यात वाळवंटातून पायी हाकलत नेले आणि जे पोचले त्यांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले. पोचले नाहीत त्यांत माझे पणजोबा.

घरी यातले काहीच कळले नाही. १९१६ च्या उन्हाळ्यानंतर पत्र आले नाही, एवढेच. पत्र म्हणजे तरी काय, पलटणीतल्या कुणा लिहित्या माणसाकडून लिहून घेतलेल्या चार ओळी. माझी पणजी तेव्हा विशीतली होती आणि आजोबा रांगत होते. तिने कुंकू लावायचे की पुसायचे, यावर घरात दोन तट पडले. सासूने पुसू दिले नाही. पण वाडीतल्या बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलवायचे हळूहळू बंद केले. सवाष्ण म्हणून कुणी ओटी भरेना आणि विधवा म्हणून कुणी घरी येऊन रडेना. सरकारी कागद आला तेव्हा आजोबा शाळेत जायला लागले होते. मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. दहाव्याला कावळा शिवायला फार वेळ लागला, एवढी एकच गोष्ट आजोबा त्या दिवसाची सांगायचे, आणि प्रत्येक वेळी तिथेच थांबायचे.

अशी घरे एकट्या आमच्या गावात किती होती, ते त्या पाटीवरचा दुसरा आकडा सांगतो. तो आकडा लिलावात निघाला म्हणून हे पत्र.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली तक्रार पाटी मोडीत काढण्याची. जुन्या इमारतीतली प्रत्येक वस्तू जपून ठेवा असे मी म्हणत नाही. पण कौले आणि पाटी एका यादीत बसवताना कुणालाही थांबून विचारावेसे वाटले नाही, हे मला सहन होत नाही. ज्या घरांतली माणसे त्या आकड्यात आहेत ती घरे याच गावात आहेत. त्यांना एक निरोप पाठवायला पैसे लागत नव्हते.

दुसरी तक्रार ‘इंग्रजांची पाटी’ या उत्तराबद्दल आहे, आणि तिच्यावर जरा सविस्तर लिहायला हवे, कारण हे उत्तर मी फार ठिकाणी ऐकले आहे. पाटी इंग्रजांनी बसवली हे खरे. युद्धही त्यांचेच होते. आपल्या माणसांचे तुर्कांशी काडीचे वैर नव्हते. मग ती गेली कशाला? महिना अकरा रुपये पगारासाठी गेली. दोन-तीन एकर वरकस जमीन, त्यात चार भाऊ, सावकाराचा तगादा आणि एक वर्षाआड दगा देणारा पाऊस. अशा घरातला एक हात कमी झाला की एक ताटही कमी होत असे आणि वर मनिऑर्डर येई. बाप, चुलता, आजा पलटणीत होता म्हणून पोरगा गेला, असेही पुष्कळ. भरती अधिकारी आला की पाटलाला माणसे दाखवावी लागत, त्यात ज्यांची बाजू घ्यायला कुणी नाही त्यांचा नंबर आधी लागे.

या माणसांना आज आपण ‘इंग्रजांचे भाडोत्री’ म्हणून झटकून टाकतो. त्या वेळचे पुढारी तरी इतके सरळ बोलत होते का? जून १९१८ मध्ये मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्ध परिषद बोलावली. स्वराज्याच्या हक्काशिवाय युद्धाला मदत कशी मागता, असे लोकमान्य टिळक बोलू लागताच विलिंग्डन यांनी त्यांना थांबवले आणि टिळक सभा सोडून निघाले. त्याच सुमारास गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव हिंडून सैन्यात भरती व्हा म्हणून सांगत होते. मोठमोठ्यांना ज्याचा निकाल लागत नव्हता, त्याचा निकाल अठरा वर्षांच्या निरक्षर पोराने लावायला हवा होता, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? ती माणसे आपल्या गावची होती. पाटी जपण्यासाठी एवढे कारण मला पुरेसे वाटते.

तिसरी तक्रार तुमच्यापुरती नाही, पण तुम्हाला ती ठाऊक असायला हवी. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न मिळालेल्या ४० हजारांहून जास्त माणसांसाठी बसऱ्याला एक मोठे स्मारक १९२९ मध्ये उभे राहिले. त्याच्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावे आहेत, गोऱ्या शिपायांचीही नावे आहेत. आपल्या शिपायांची नाहीत. पलटणीच्या नावाखाली ‘आणि इतके हिंदी शिपाई’ असा आकडा आहे. फ्रान्समध्ये नव्ह शापेल येथे जे भारतीय स्मारक आहे त्यावर ४,७०० हून जास्त नावे कोरली आहेत, म्हणजे नावे कोरायला जागा नव्हती किंवा ती मिळत नव्हती असे म्हणायची सोय नाही. बसऱ्याचे स्मारकही १९९७ मध्ये मूळ जागेवरून उचलून ३२ किलोमीटर लांब नासिरियाच्या रस्त्याला नेऊन ठेवले. आपल्यापैकी कुणाला तिथे जाऊन एक फूल वाहणेही सोपे नाही.

ही स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच्याच कारभाराचा अहवाल प्रसिद्ध केला. भारतीय, आफ्रिकी, इजिप्शियन अशा ४५ ते ५४ हजार मृतांची नोंद बरोबरीच्या वागणुकीने झाली नाही, आणि आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसांची नावानिशी नोंद झालीच नाही किंवा मुळीच झाली नाही, असे त्यात मान्य केले आहे. आयोगाने माफी मागितली, ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, त्यांनी चूक कबूल केली. आणि नेमक्या त्याच काळात आपण आपल्या गावात उरलेला एकमेव दगड खडीत टाकतो आहोत.

चौथी तक्रार आपल्या स्वतःच्या आठवणीबद्दल आहे. ती लिहिताना काहींना वाईट वाटेल, तरी लिहिते. पाटीवरच्या आकड्यात कोण होते असे गावात विचारले की चार घरांची नावे पुढे येतात आणि ती सगळी एकाच आळीतली असतात. पण मेसोपोटेमियात गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्या माणसांच्या हातात बंदूक नव्हतीच. त्यांत जखमींच्या डोल्या वाहणारे कहार होते, पखाली वाहणारे भिस्ती होते, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार, खेचरवाले, स्वयंपाकी, झाडूवाले, ओझी उचलणारे मजूर होते. तुरुंगातून शिक्षेत सूट देतो म्हणून नेलेले हजारो कैदीही होते. जखमी शिपाई ज्यांच्या खांद्यावरून मागे आला त्यांची नावे शिपायांच्याही मागे राहिली.

महार समाजाच्या भरतीचे दार तर १८९० च्या दशकातच बंद केले होते. समाजाचे पुढारी गोपाळबाबा वलंगकर यांनी, नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जांवर अर्ज केले, दाद लागली नाही. मग १९१७ मध्ये माणसे कमी पडू लागली तेव्हा १११ नंबरची महार पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ पर्यंत ती मोडूनही टाकली. आमच्या गावच्या बौद्धवाडीत एका घरी त्या युद्धाचे पदक आहे. ते काशाचे आहे. शिपायांना हेच पदक चांदीचे मिळत असे, मजूर आणि हमाल तुकड्यांना काशाचे. आमच्या घरचे चांदीचे पदक १९७२ च्या दुष्काळात सोनाराकडे गेले. काशाला कोण पैसे देणार, म्हणून ते राहिले. कडेवर बारीक अक्षरांत नंबर आणि नाव ठोकलेले आहे, उजेडात तिरके धरले की अजून वाचता येते. गावात त्या युद्धाचे धातूवर कोरलेले हे एकमेव नाव मी पाहिले आहे, आणि ते गावातल्या कोणत्याही तोंडी यादीत नाही.

कोकणातल्या गावांना तर वेगळेच सांगायला हवे. रत्नागिरीकडची माणसे मुंबईला जाऊन बोटींवर खलाशी झाली. कोळसा भट्टीत लोटणारा माणूस बोटीच्या तळाशी असे. पाणसुरुंग किंवा टॉर्पेडो लागला तर वर यायला त्यालाच सर्वांत उशीर. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये अशा दोन हजारांहून जास्त खलाशांचे स्मारक आहे. मुंबईत राहणाऱ्या किती चाकरमान्यांनी ते पाहिले आहे? पनवेलच्या पलीकडे गाडी गेली की आपल्याला गाव आठवते. त्याच गावच्या पणजाचे स्मारक मस्जिद बंदरला असू शकते.

आणि जे परत आले त्यांची तर कुठेच नोंद नाही. १९१८ चा पावसाळा कोरडा गेला. जूनमध्ये मुंबई बंदरात शिरलेली तापाची साथ पावसाळा सरता सरता गावागावांत पोचली. आपली म्हातारी माणसे तिला मानमोडी म्हणत. देशात तिने किमान सव्वा कोटी माणसे नेली. तीन-चार वर्षे गोळ्यांतून वाचून आलेला माणूस घरी पोचला तर घराला कुलूप, असे कितीतरी ठिकाणी झाले. ज्यांचे हातपाय गेले त्यांतल्या काहींना १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे खडकीला गेलेल्या क्वीन मेरीज शाळेत सुतारकाम, शिवणकाम शिकायला मिळाले. बाकीचे चावडीच्या ओट्यावर बसून राहिले. पाटीवर ते पहिल्या आकड्यात आहेत, गेलेल्यांच्या. त्यापुढचे त्यांचे आयुष्य कुणी विचारले नाही.

नावे शोधून सापडतील का, असे तुम्ही विचाराल. सापडतील, आणि मी हे भरवशाने सांगते. युद्धकबर आयोगाच्या नोंदी आज संगणकावर बघता येतात. बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली पुष्कळ नावे त्या नोंदीत आहेत. बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असे. पण ती इंग्रजी कारकुनाने कानावर पडले तशी लिहिलेली आहेत. आमच्या गावाचे नाव तिथे असे काही लिहिले आहे की दिल्लीच्या किंवा लंडनच्या अभ्यासकाला ते जन्मात ओळखता येणार नाही. ते ओळखायला गावातला माणूस लागतो. बाप कुठल्या भावकीतला, ते घर कोणते, हे पोस्टमन सांगेल, गुरव सांगेल, ऐंशी वर्षांची आजी सांगेल.

याशिवाय तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार आहेत. शिपाई मेला की जमिनीला वारस लागले, आणि वारस लावताना तो कुठे कसा मयत झाला याची ओळ काही ठिकाणी लिहिलेली असते. कोतवाल बुके, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या आहेत, शाळेची जुनी दाखल रजिस्टरे आहेत. बरेच लिखाण मोडी लिपीत आहे, पण मोडी वाचणारे लोक आज जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या वह्यांतून पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची माहिती अशीच धूळ झटकून बाहेर काढली गेली आणि परदेशी गेलेल्या कुटुंबांना आपली माणसे सापडली. आपल्याकडे हे काम व्हायचे तर ते गावातून वर जाईल, वरून खाली येण्याची वाट बघत बसलो तर सांगणारी माणसेच उरणार नाहीत.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

ज्या गावात पाटी आहे तिथे ती निर्लेखनाच्या कोणत्याही यादीत घालू नये. घातली असेल तर येत्या मासिक सभेत ती नोंद रद्द करून प्रोसिडिंग बुकात तसे लिहावे. इमारत पाडायची असेल तर आधी पाटीचा फोटो काढावा, दोन ग्रामस्थांसमोर पंचनामा करावा, गवंड्याकडून ती नीट सोडवून घ्यावी आणि नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीत, हात पोचेल एवढ्या उंचीवर पुन्हा बसवावी. हा खर्च एस्टिमेटमध्ये पहिल्यापासून धरावा, म्हणजे नंतर निधी नाही असे म्हणायची वेळ येणार नाही. रंगवलेल्या पाट्यांवरचा रंग जाणत्या माणसाकडून काढून घ्यावा. ग्राइंडर लावू नये, संगमरवर कायमचा खराब होतो.

१ मेच्या ग्रामसभेत नावे शोधण्याचा ठराव घ्यावा आणि त्यासाठी छोटी समिती करावी. समितीत प्रत्येक वाडीचे आणि प्रत्येक वस्तीचे माणूस असलेच पाहिजे. हाती बंदूक होती की पखाल, यावरून कुणाला वगळू नये. खलाशी वगळू नयेत. परत आलेले वगळू नयेत. सापडलेली नावे पाटीखाली दुसऱ्या दगडावर मराठीत कोरावीत, अकारविल्हे, हुद्दा आणि जात न लिहिता. ज्यांची नावे सापडली नाहीत त्यांच्यासाठी तेवढ्या ओळी मोकळ्या सोडाव्यात. त्या दगडावर देणगीदाराचे, उद्घाटकाचे किंवा विद्यमान पदाधिकाऱ्यांचे नाव नको.

जिल्हा प्रशासनाकडे तुमच्यामार्फत एकच मागणी आहे. या कामासाठी येणाऱ्या ग्रामपंचायतींना १९१४ ते १९२५ या काळातले फेरफार आणि कोतवाल बुके विनाशुल्क पाहू द्यावीत, आणि मोडी वाचणारा माणूस नेमून द्यावा. ज्या घरी पदक, जुने पेन्शनचे पुस्तक किंवा पलटणीतून आलेला कागद असेल त्यांनी तो कुणाला देऊन टाकू नये, त्याचा फोटो काढून समितीला द्यावा. पदकाच्या कडेचा फोटो विशेष करून, कारण नाव तिथेच असते.

आमच्या गावासाठी मी माझ्यापरीने सुरुवात केली आहे. मला सापडलेली नावे, ती कुठल्या नोंदीतून मिळाली त्या तपशिलासह, मी पंचायतीत लेखी दिली आहेत आणि पोच घेतली आहे. यादी अपुरी आहे. पाटीवरचा दुसरा आकडा भरायला अजून बरीच नावे हवीत, आणि पहिला आकडा भरायला तर गावातल्या प्रत्येक घराने बोलावे लागेल. ज्या गावाला हे काम करायचे आहे आणि आयोगाच्या नोंदीत शोधायचे कसे ते माहीत नाही, त्यांच्या शाळेत येऊन ते शिकवण्याची माझी तयारी आहे. येण्याजाण्याचा खर्च माझा.

येत्या मासिक सभेत पाटीचा विषय पटलावर घ्यावा आणि काय ठरले ते लेखी कळवावे, ही विनंती.

आपली,
सातारा जिल्ह्यातली एक निवृत्त शिक्षिका